प्लंबिंग कोड नेमका कुणाचा: केंद्राचा, राज्याचा की महापालिकेचा?

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जोगेश्वरी ते चर्चगेट प्रवासात ज्यांचं नेटवर्क तीनदा जातं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे टाकतोय. बोलताना जे घसरलं ते थोडं नीट केलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, की बाबा, तू सॉफ्टवेअरवाला, तुला नळाचं काय पडलंय? पडलंय. कारण आमच्या सोसायटीत कुठलाही कागद आला, की सेक्रेटरी काका तो व्हॉट्सॲपवर मला पाठवतात आणि खाली लिहितात, "तू आयटीत आहेस ना, जरा बघ." या वेळी जो कागद आला, ते होतं पाइपलाइन बदलण्याचं कोटेशन. प्रत्येक फ्लॅटमागे अडतीस हजार. आणि त्यात एक ओळ होती: सर्व काम राज्याच्या यूपीसी प्लंबिंग कोडप्रमाणे होईल, म्हणून दर जास्त.

आता मला सांगा, महाराष्ट्र राज्याचा यूपीसी कोड ही काय भानगड आहे?

तुम्ही गूगलवर "माझ्या राज्यात कुठला प्लंबिंग कोड लागू" असं इंग्रजीत शोधून बघा. छान रंगीत नकाशे येतात, आणि सगळे अमेरिकेचे. तिथे हा प्रश्न खरंच राज्यवार सुटतो. तिकडे दोन मोठे कोड आहेत. एक युनिफॉर्म प्लंबिंग कोड, म्हणजे यूपीसी, आणि दुसरा इंटरनॅशनल प्लंबिंग कोड, म्हणजे आयपीसी. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यूपीसीच्या बाजूला. न्यूयॉर्क, फ्लोरिडा आयपीसीच्या बाजूला. टेक्सासमध्ये दोन्ही चालतात. मॅसॅच्युसेट्सने स्वतःचाच वेगळा केलाय. म्हणजे तिकडचा माणूस राज्याचं नाव टाकतो आणि उत्तर घेऊन मोकळा होतो. यूट्यूबवर जे प्लंबिंगचे व्हिडिओ आपण बघतो, ते बहुतेक याच दोन कोडांच्या भाषेत बोलतात. आपण ते बघतो आणि आपल्या प्लंबरला शिकवायला जातो. तो हसतो. बरोबर हसतो.

आपल्याकडे "राज्याचा प्लंबिंग कोड" नावाचं एक पुस्तक नाही. महाराष्ट्राचंही नाही. त्याऐवजी तीन-चार थर आहेत, एकावर एक. डेव्हलपर मंडळींना पटकन कळेल: वरची एक लायब्ररी आहे, खाली लोकल कॉन्फिग आहे, आणि ज्या ओळीत लोकल कॉन्फिग त्या लायब्ररीला इम्पोर्ट करतं, ती ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती ओळ नसेल तर लायब्ररी नुसती पडून आहे.

वरची लायब्ररी म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता, नॅशनल बिल्डिंग कोड. भारतीय मानक ब्युरो, म्हणजे आयएसआयचा शिक्का देणारं बीआयएस, ती काढतं. पहिली १९७० साली आली, मग १९८३, २००५, आणि नंतर २०१६ ची आवृत्ती, दोन जाडजूड खंडांत. त्यातला भाग ९ हा प्लंबिंगचा. पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि सांडपाणी, घनकचरा, गॅसपुरवठा असे त्याचे विभाग आहेत. आता मेख इथे आहे: ही संहिता स्वतःहून कायदा नाही. ती शिफारस आहे, नमुना आहे. का? कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यांच्या यादीत आहेत. आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात इमारत बांधकामाचं नियमन आणि पाणीपुरवठा ही कामं शहरांच्या पालिकांकडे देण्याजोगी म्हणून लिहिली. म्हणजे दिल्लीत बसून कुणी "देशभर असाच पाइप टाका" असा हुकूम काढू शकत नाही. दिल्ली चांगलं पुस्तक लिहून देते, आणि ते लागू करायचं काम खालचे करतात.

मग खालचं काय? इथे महाराष्ट्रात एक मजेशीर फाळणी आहे. बृहन्मुंबईसाठी वेगळी नियमावली आणि जवळपास उरलेल्या सगळ्या महाराष्ट्रासाठी वेगळी.

मुंबईची आहे विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४. इंग्रजीत डीसीपीआर २०३४. नावात २०३४ असलं तरी ती २०१८ मध्ये लागू झाली. २०३४ हे विकास आराखड्याचं शेवटचं वर्ष. तिच्या आधी १९९१ ची होती, त्याच्या आधी १९६७ ची. उरलेल्या महाराष्ट्राची आहे एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, यूडीसीपीआर, जिला डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली. तिच्या आधी प्रत्येक महापालिकेचं स्वतःचं वेगळं पुस्तक होतं. पुण्याचं वेगळं, नाशिकचं वेगळं, नागपूरचं वेगळं. ती सगळी गोळा करून एक केलं. तरी त्यातूनही मुंबई, एमआयडीसीची क्षेत्रं, नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नैना, जेएनपीटी, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा वगैरे वगळलेत.

म्हणजे व्यवहारात काय होतं बघा. तुम्ही मुलुंडला राहता, तुमच्यासाठी डीसीपीआर. मुलुंड चेकनाका ओलांडून ठाण्यात फ्लॅट घेतला, की यूडीसीपीआर. दहिसरचा नाका ओलांडून मीरा रोडला गेलात, तरी तेच. मामा गोव्यात राहतो? तिथे गोव्याची स्वतःची २०१० ची जमीन विकास व इमारत बांधकाम नियमावली. बेळगावची आत्या? तिला कर्नाटकचे कायदे. पाण्याला उतार तोच लागतो, पण कागद बदलतो.

आणि या दोन्ही नियमावल्यांमध्ये ती इम्पोर्टची ओळ आहे. पाणीपुरवठा आणि ड्रेनेजच्या सेवांची आखणी, डिझाइन आणि जोडणी राष्ट्रीय इमारत संहितेच्या भाग ९ प्रमाणे असावी, अशा अर्थाची. बस, एवढंच. या एका ओळीमुळे शिफारशीचं पुस्तक तुमच्या इमारतीसाठी नियम होतं. मला हे सापडलं तेव्हा खरंच मजा वाटली. शेकडो पानांच्या नियमावलीत प्लंबिंगला एवढीशी जागा, पण त्या जागेतून अख्खा भाग ९ आत येतो.

मुंबईत अजून एक थर आहे आणि तो सगळ्यात म्हातारा आहे: मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. हो, १८८८. त्यात नाले, गटारं आणि पाणीपुरवठा यांची स्वतंत्र प्रकरणं आहेत. प्लंबरला पालिकेने परवाना द्यायची तरतूदही त्यातच. आजही नव्या जलजोडणीचा अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फतच जातो. पालिकेच्या मराठीत त्याला "नळ कारागीर" म्हणतात, आणि मला हा शब्द प्लंबरपेक्षा कितीतरी आवडतो. इतर महापालिकांना हा १८८८ चा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आहे, आणि नगरपरिषदांसाठी १९६५ चा.

बरं, मग कोटेशनमधला तो यूपीसी कुठून आला? तो हवेतून आलेला नाही. इंडियन प्लंबिंग असोसिएशन आणि अमेरिकेतल्या आयॅपमो संस्थेची भारतातली शाखा यांनी मिळून युनिफॉर्म प्लंबिंग कोड - इंडिया नावाचं पुस्तक काढलंय, २००८ पासून. चांगलं पुस्तक आहे. मोठी हॉटेलं, टॉवर, आयटी पार्क यांचे प्लंबिंग कन्सल्टंट ते वापरतात. पण ते ऐच्छिक आहे. ते महाराष्ट्र शासनाचं नाही आणि मुंबई महापालिकेचंही नाही. त्यामुळे "राज्याचा यूपीसी" ही ओळच चुकीची. कंत्राटदाराने तो पाळला तर आनंदच आहे, पण "कायदा आहे म्हणून जास्त पैसे" हे काही खरं नाही.

इथे थोडं थांबूया, कारण अमेरिकन कोड आपल्याला जसाच्या तसा का चालत नाही, हे कळलं की बाकी सगळं कळतं.

अमेरिकेच्या यूपीसीचं गृहीतक असं, की रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीत चोवीस तास दाबाने पाणी आहे. घरातल्या नळापर्यंत किमान १५ पीएसआय दाब पोचला पाहिजे, असं तो म्हणतो. १५ पीएसआय म्हणजे साधारण साडेदहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. आता आपली जोगेश्वरी घ्या. पाणी ठरलेल्या वेळी येतं, काही तासांसाठी. ते जमिनीखालच्या सक्शन टँकमध्ये पडतं. पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. तिथून ते गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. सर्वात वरच्या मजल्याच्या शॉवरपासून टाकी किती वर असते? तीन मीटर, फार तर चार. म्हणजे अमेरिकन हिशेबाने हव्या असलेल्या दाबाचा जेमतेम एक तृतीयांश. म्हणून टॉप फ्लोअरवाल्यांचा शॉवर रडतो आणि पहिल्या मजल्यावरच्यांचा नळ अंगावर येतो. हा कारागिराचा दोष नाही, ही उंची आहे. चारशे डॉलरचा अमेरिकन रेन शॉवर लावून ती बदलत नाही. (आमच्या विंगमधल्या एकाने लावला. आता तो त्याखाली बादली ठेवून आंघोळ करतो.)

आपली संहिता या टाक्यांच्या जगासाठी लिहिलेली आहे. साठवण किती हवी, सक्शन टँक सांडपाण्याच्या लाइनपासून कसा लांब ठेवायचा, टाकीत येणारा नळ पाण्याच्या पातळीच्या वर का असावा, ओव्हरफ्लोला जाळी का लावावी. ज्या शहरात पाणी थांबून थांबून येतं, तिथे पाइप रिकामा झाला की आत ओढ तयार होते, आणि जवळ फुटकं गटार असेल तर ते पाणी आत येतं. पावसाळ्यात इमारतीत एकदम चार जणांना कावीळ झाली, तर आधी सक्शन टँकचं झाकण आणि त्याच्या शेजारचं चेंबर बघा.

संहितेतला सगळ्यात प्रसिद्ध आकडा १३५ लिटर. फ्लशची सोय असलेल्या घरात माणशी, दिवसाला. त्यातले ४५ लिटर फक्त फ्लशसाठी धरायचे. आमच्या इमारतीत साधारण दोनशे माणसं, म्हणजे सत्तावीस हजार लिटर, त्यातले नऊ हजार थेट संडासात.

आता हाच ४५ चा आकडा दुसरीकडे भेटतो. मुंबईत झोपडपट्टीतल्या माणसासाठी पाणीपुरवठ्याचा हिशेब वर्षानुवर्षं ४५ लिटर धरला गेला. सगळं मिळून. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, कपडे. म्हणजे हायवेच्या एका बाजूच्या इमारतीतल्या माणसाच्या नुसत्या फ्लशला जेवढं पाणी, तेवढ्यात टेकडीवरच्या वस्तीतल्या माणसाने दिवस काढायचा. आणि १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना तर अधिकृत जोडणीच नव्हती. पाणी हक्क समिती त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, महापालिकेने धोरण आखावं. "सर्वांसाठी पाणी" हे धोरण आलं २०२२ मध्ये. मी जोगेश्वरीत वाढलोय, माझ्या वर्गातली निम्मी मुलं सकाळी हंडे भरून शाळेत यायची. त्यामुळे "कुठला कोड लागू" या प्रश्नात "कुणाला लागू" हाही प्रश्न आहे, आणि तो मला उतार-बितारापेक्षा मोठा वाटतो. पण त्यावर आपण वेगळा एपिसोड करू, एवढ्यात उरकायचा विषय नाही तो.

परत इमारतीकडे. कारण कोटेशनपेक्षा मोठं भांडण दुसरंच होतं.

आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्यांनी फ्लॅटचं नूतनीकरण केलं. स्वयंपाकघर हॉलच्या बाजूला नेलं आणि जुन्या स्वयंपाकघराच्या जागी दुसरं टॉयलेट-बाथरूम काढलं. इंटिरिअरवाल्याने सांगितलं, आजकाल सगळे करतात. दुसऱ्या मजल्यावर ज्या काकू राहतात, त्यांच्या गॅसच्या ओट्यावर आता छतातून थेंब पडतात. ओट्याच्या वर नवीन संडास. काकू सत्तरीच्या, एकट्या. त्यांनी सहा महिने पातेलं लावून काढले. वरचे म्हणतात, आमची जागा, आमच्या पैशाने केलं, आणि असं करू नका म्हणणारा कुठला नियम आहे तो दाखवा.

तर नियम आहे. मुंबईच्या विकास नियमावलीत, १९९१ च्याही आणि आताच्याही, शौचालयाबद्दल स्पष्ट लिहिलंय, की ते दुसरं शौचालय, धुण्याची जागा, न्हाणीघर किंवा गच्ची सोडून इतर खोलीच्या थेट वर किंवा खाली नसावं; असलंच, तर जमीन पूर्ण जलरोधक हवी. काकूंच्या छतातून थेंब पडतायत, म्हणजे ती जलरोधक नाही हे सिद्ध करायला लॅब लागत नाही.

दुसरं, १८८८ च्या कायद्याचं कलम ३४२. इमारतीत बदल करायचा असेल तर आयुक्तांना सूचना द्यावी लागते. किरकोळ दुरुस्तीला सूट आहे, आणि त्या किरकोळ दुरुस्तीची यादी कायद्यातच दिलीय: प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, मॅनहोल दुरुस्त करणं किंवा बदलणं. इथे शब्द नीट वाचा. संडास "दुरुस्त" करायला सूट आहे. संडास उचलून स्वयंपाकघरात न्यायला नाही. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर हा फरक टाकला, तर दोन तास कुणीच काही बोललं नाही. आमच्या ग्रुपवर हे विक्रमी आहे.

याच यादीचा उलटा फायदाही आहे. सोसायटीची जुनी गंजलेली जीआय लाइन काढून त्याच जागी नवी टाकायची, तर ते याच सूट दिलेल्या कामात बसतं. कोटेशनमध्ये "परवानगी व कोड मंजुरी" म्हणून जी वेगळी रक्कम लावली होती, ती कशासाठी, असं काकांनी विचारलं. पुढच्या कोटेशनमध्ये ती ओळ नव्हती.

खर्च कुणी करायचा, याचं उत्तर प्लंबिंग कोडमध्ये शोधू नका. ते सहकाराच्या कागदात आहे. गृहनिर्माण संस्थांचे जे आदर्श उपविधी महाराष्ट्रात चालतात, त्यांप्रमाणे बाहेरची सामायिक पाण्याची लाइन, ड्रेनेज, पंप, टाक्या, आणि सामायिक पाइपमुळे होणारी गळती सोसायटीकडे. फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक यातून होणारी गळती संबंधित सभासदाकडे. आणि इमारत नवी असेल, तर रेरा कायद्याचं कलम १४ आहे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा सेवांमधला दोष दाखवला, तर बिल्डरने तो पैसे न घेता दुरुस्त करायचा. नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या मित्रांनो, पाच वर्षं कधी संपतात ते कॅलेंडरला टाकून ठेवा. बिल्डर टाकून ठेवतोच.

आता थोडं पाइपांचं. जुन्या इमारतीच्या मागे जाऊन बघा. भिंतीवरून दोन उभ्या लाइन उतरताना दिसतील. एक जाड, ती संडासाची. दुसरी बारीक, ती आंघोळ आणि स्वयंपाकघराची. संहितेत याला टू-पाइप पद्धत म्हणतात. बारीक लाइन खाली थेट गटारात जात नाही. आधी गली ट्रॅपमध्ये पडते, म्हणजे गटारातला वास आणि झुरळं वर चढत नाहीत. नव्या टॉवरमध्ये वन-पाइप किंवा सिंगल स्टॅक असतं. अमेरिकन व्हिडिओत प्रत्येक सिंकला वेगळा हवेचा पाइप दिसतो, तो आपल्याकडे का नाही, याचं उत्तर बरंचसं या टू-पाइप पद्धतीत आहे.

आणि बाथरूमच्या कोपऱ्यातली ती जाळी, तिच्याखाली असतो नहाणी ट्रॅप. देशभर, इंग्रजी टेंडरमध्येसुद्धा, "नहाणी ट्रॅप" असंच लिहितात. आपल्या न्हाणीचा शब्द थेट इंजिनिअरिंगमध्ये गेलाय! त्या ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी कायम थांबलं पाहिजे. दोन इंच. तेवढं पाणी गटारातली हवा अडवतं. हे किती गंभीर आहे ते २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत दिसलं. सार्सची साथ होती. तिथल्या बाथरूममधले जमिनीतले ट्रॅप सुकलेले होते, एक्झॉस्ट पंखे ड्रेनेजमधली हवा घरात ओढत होते. त्या एका वसाहतीत तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली. तुमच्याकडे न वापरलं जाणारं बाथरूम असेल, तर आठवड्यातून एकदा त्यात तांब्याभर पाणी ओता. वास जातो, खर्च शून्य.

एक गोष्ट मात्र जवळपास प्रत्येक इमारतीत चुकलेली दिसते. वॉशिंग मशीन बाल्कनीत ठेवायचं आणि त्याचा पाइप सरळ पावसाच्या पाण्याच्या लाइनमध्ये खुपसायचा. मुंबईत पावसाचं पाणी आणि सांडपाणी यांच्या व्यवस्था वेगळ्या आहेत. पावसाची लाइन नाल्यात जाते, नाला आमच्याकडे ओशिवरा नदीत, नदी समुद्रात. म्हणजे तुमचा साबण कुठलीही प्रक्रिया न होता खाडीत. कोटेशनमध्ये ही जोडणी वेगळी करून मागा. आम्ही मागितली.

मालाचा नियम सोपा आहे: पाइपावर छापलेला आयएस क्रमांक वाचायचा. जीआय पाइपला आयएस १२३९, सीपीव्हीसीला आयएस १५७७८, पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसीला आयएस ४९८५, सांडपाण्याच्या एसडब्ल्यूआर पाइपला आयएस १३५९२. कोटेशनमध्ये "चांगल्या कंपनीचा पाइप" असं लिहिलेलं चालवून घेऊ नका, क्रमांक लिहून घ्या. सांडपाण्याचा पाइप पिण्याच्या लाइनला लावलेला मी डोळ्यांनी बघितलाय, कारण दोन्ही लांबून प्लास्टिकच दिसतात.

आमचं काम करायला जो कारागीर आला, तो ओडिशातल्या केंद्रापाडाचा. मुंबईतले बरेच प्लंबर त्याच जिल्ह्यातले, तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. मी त्याला विचारलं, भैया, १०० मिलिमीटरच्या लाइनला उतार किती देता? तो म्हणाला, सहा फुटाला सव्वा इंच. मी फोनवर हिशेब केला. साधारण १ ला ५७. संहितेच्या कोष्टकात १०० मिलिमीटरला हाच आकडा आहे, १ ला ५७, म्हणजे पाणी सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास वाहील आणि मैला मागे राहणार नाही. त्याने संहिता उघडून पाहिलेली नाही. त्याच्या उस्तादाने त्याला सव्वा इंच शिकवला. मी लॅपटॉप बंद केला आणि चहा सांगितला.

तुम्हाला शोधायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी तुमच्या जागेचं नियोजन प्राधिकरण कोणतं ते बघा. मुंबईत राहता म्हणजे महापालिकाच, असं गृहीत धरू नका. झोपु योजनेतली इमारत असेल तर एसआरए, म्हाडाच्या वसाहतीत म्हाडा, एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसी. तुमच्या मंजूर नकाशावर शिक्का कुणाचा आहे ते बघितलं की कळतं. मग त्या प्राधिकरणाची विकास नियमावली. डीसीपीआर महापालिकेच्या संकेतस्थळावर आहे, यूडीसीपीआर नगररचना विभागाच्या. त्यात "प्लंबिंग", "ड्रेनेज", "वॉटर क्लोजेट" हे शब्द शोधा. तिथून संहितेच्या भाग ९ ला जा. भारतीय मानकं बीआयएसच्या पोर्टलवर लॉगिन करून मोफत उतरवता येतात. आणि जोडणी, मीटर, सक्शन टँकच्या बाहेरची लाइन, यासाठी वॉर्ड ऑफिसातलं जलकामे खातं. तिथे तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

काकूंच्या छताचं सांगतो, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये विचारालच. सोसायटीने तिसऱ्या मजल्याला पत्र दिलं, नियम आणि कलम लिहून. आधी त्यांनी वकिलाची भाषा केली. मग आर्किटेक्टने बाथरूमचं तोंड बंद करून चोवीस तास पाणी भरून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः काकूंच्या ओट्यापाशी येऊन वर बघत उभे राहिले. संडास काढलाय. त्या जागी आता कोरडी स्टोअर रूम आहे. काकूंचं छत अजून ओलं आहे, सुकायला वेळ लागेल, मग प्लास्टर. त्या प्लास्टरचा खर्च वरच्यांनी द्यायचं कबूल केलंय, पण रंग अख्ख्या स्वयंपाकघराचा की फक्त छताचा, यावर चर्चा चालू आहे. रविवारी सभा आहे, सकाळी साडेदहाला, गच्चीवर.

तुमच्या सोसायटीच्या कोटेशनमध्ये असा एखादा न कळणारा कोड असेल तर फोटो पाठवा, पण नावं आणि फोन नंबर झाकून. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.